देणगीदारांची कागदपत्रे: काय ठेवायचे, कुठे ठेवायचे आणि कधी फाडायचे

जुलै महिना. कार्यालयातला फोन वाजतो. पलीकडे एक जुने देणगीदार काका. "अहो, रिटर्न भरायचंय, सीए ते १०बीई मागतोय. पाठवलं होतंत का तुम्ही?" १०बीई म्हणजे करसवलतीसाठी संस्थेने देणगीदाराला द्यायचे देणगीचे प्रमाणपत्र. ते पाठवले होते, एवढे आपल्याला आठवत असते. पण कोणी पाठवले, कोणत्या मेलवर, आणि ती पीडीएफ आता कुठे आहे? पुढचा तास संगणकावर, त्यापुढचा कपाटात आणि उरलेला खजिनदारांना फोन करण्यात जातो.

एका लहान शैक्षणिक संस्थेचा देणगी विभाग मी बरीच वर्षे सांभाळतो. विभाग म्हणजे एक टेबल, एक लोखंडी कपाट आणि मी. या काळात आम्ही पावतीपुस्तकावरून एक्सेलवर आलो, तिथून देणगीदारांच्या सॉफ्टवेअरवर. दर वेळी वाटले, आता कागद आपोआप सापडतील. कागद आपोआप कधीच सापडत नाहीत. पुढे लिहिलेली पद्धत ठेचा खात खात बसलेली आहे. हजार-दोन हजार देणगीदार असलेल्या कोणत्याही नोंदणीकृत न्यासाला ती लागू पडेल.

आधी कायद्याविषयी एक खुलासा. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले. मी मात्र इथे ८०जी (देणगीवरच्या करसवलतीचे कलम), १०बीडी (संस्थेने दरवर्षी भरायचे देणग्यांचे विवरण) हे तोंडात बसलेले जुने क्रमांकच वापरतो. प्रत्यक्ष फॉर्म भरताना त्या त्या वर्षाचा क्रमांक पोर्टलवर पाहून घ्या.

पायरी पहिली: कागद कुठे कुठे लपलेत ते शोधा

सॉफ्टवेअर उघडण्याआधी एक कोरा कागद घ्या. देणगीशी संबंधित काय काय संस्थेत येते आणि संस्थेतून जाते, ते लिहून काढा. आमच्या यादीत हे निघाले: पावत्यांच्या स्थळप्रती, धनादेशांच्या झेरॉक्स, यूपीआयचे स्क्रीनशॉट, पॅनच्या प्रती, आधारच्या प्रती (या का घेतल्या होत्या, कोणालाच सांगता येईना), "ही रक्कम कायम निधीत जमा करावी" अशी पत्रे, कंपन्यांशी झालेले सामंजस्य करार, उपयोगिता प्रमाणपत्रे, १०बीईच्या पीडीएफ, आभारपत्रे, एका आजींचे मृत्युपत्र आणि लग्नपत्रिकांचा एक गठ्ठा.

मग प्रत्येकापुढे दोन प्रश्न. हा कागद उद्या कोण मागेल? आणि तो मिळाला नाही तर काय अडेल? कोणीच मागणार नसेल आणि काहीच अडणार नसेल, तर तो कागद साठवायचा नाही. लग्नपत्रिका गेल्या. आधारच्या प्रतीही गेल्या, त्या कशा ते पुढे येईल.

कागद असतात त्या जागाही लिहा. कपाट आणि संगणक सगळ्यांना सुचतात. खरा माल असतो खजिनदारांच्या घरी, सीएंच्या कार्यालयात आणि व्हॉट्सअॅपमध्ये. व्हॉट्सअॅपवर आलेला "सर, पाच हजार पाठवले, हे बघा" हा फोटो त्याच दिवशी नोंदीत नेला नाही, तर फोन बदलला की तो गेलाच समजा.

पायरी दुसरी: माहिती रकान्यात, कागद भांडारात

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. नवीन सॉफ्टवेअर आले की उत्साहाने प्रत्येक देणगीदाराच्या नोंदीला प्रत्येक कागद जोडला जातो. पॅनचा फोटो जोडला, म्हणजे पॅन नोंदवला असे वाटते. मे महिन्यात १०बीडीची यादी काढायला बसलात की कळते, पॅनचा रकाना रिकामा आहे आणि क्रमांक फोटोत अडकला आहे. मग शेकडो फोटो उघडून क्रमांक टंकत बसा.

म्हणून नियम असा: ज्या माहितीवर शोध घ्यायचा, बेरीज करायची किंवा यादी काढायची, ती टंकून रकान्यात. तिचा पुरावा म्हणून जो कागद लागेल, तो फाइलींच्या भांडारात. दोघांना जोडतो एक क्रमांक. रकान्यातली माहिती पुरेशी असेल तर कागद ठेवायची गरजच नाही. पॅनचे तसेच आहे. १०बीडीत पॅनचा क्रमांक भरायचा असतो, प्रत जोडायची नसते.

जागेचा हिशेबही करून पाहा. मोबाइलवर काढलेला कागदाचा फोटो सहज ३ एमबीचा होतो. बाराशे देणगीदार, प्रत्येकी चार कागद, म्हणजे १४ जीबीच्या वर. तेच कागद नीट स्कॅन करून २०० केबीच्या पीडीएफ केल्या, तर एक जीबीच्या आत बसतात. सेल्सफोर्स या देणगीदारांच्या नोंदी ठेवता येणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदींची जागा आणि फाइलींची जागा वेगवेगळी मोजतात, आणि बहुतेक नोंदी प्रत्येकी २ केबीच्या धरल्या जातात. म्हणजे एका बेफिकीर फोटोच्या जागेत दीड हजार नोंदी मावल्या असत्या. त्याच फाइलची सुधारित आवृत्ती चढवली की जुनी आवृत्तीही जागा अडवून बसते, हेही लक्षात असू द्या.

दुसरी गोष्ट एकाच कागदाच्या अनेक प्रतींची. एका कंपनीने एकाच कराराखाली तीन हप्ते दिले, तर करार तीनदा चढवू नका. एकदाच ठेवा आणि तिन्ही देणग्यांच्या नोंदींतून त्याकडे बोट दाखवा. सेल्सफोर्सच्या 'फाइल्स'मध्ये एक फाइल अनेक नोंदींना जोडता येते. जुन्या 'अटॅचमेंट'मध्ये ती सोय नव्हती.

सॉफ्टवेअरच घेतलेले नसेल तर घाई नको. एक नीट आखलेली शीट आणि संस्थेच्या नावाचा ड्राइव्ह यांवर बरीच वर्षे निभते. गूगलची ना-नफा संस्थांसाठी मोफत योजना आहे, तिच्यात सामायिक जागा १०० टीबी मिळते. तेवढी भरायला आपल्याला काही पिढ्या लागतील.

पायरी तिसरी: देणगीदार क्रमांक

नावावरून फाइल ठेवली की फसलात. एकाच तालुक्यात चार सुरेश पाटील असतात आणि त्यांतले दोन एकाच गल्लीत राहतात. प्रत्येक देणगीदाराला एक कायमचा क्रमांक द्या. तो कधी बदलायचा नाही. देणगीदार वारले तरी तो दुसऱ्याला द्यायचा नाही.

आपल्याकडे यात एक खास अडचण येते: स्मरणार्थ देणगी. मुलगा पैसे देतो आणि सांगतो, "पावती आईच्या नावाने करा." कै. आईंचे नाव घातलेत तर करसवलत कोणालाच मिळत नाही. पावती नेहमी ज्याच्या खात्यातून पैसे आले त्याच्या नावाने आणि त्याच्याच पॅनवर. खाली "कै. अमुक यांच्या स्मरणार्थ" अशी ओळ. डेटाबेसमध्ये 'स्मरणार्थ' हा स्वतंत्र रकाना करा. पुढच्या वर्षी पुण्यतिथीला पत्र पाठवायलाही तो उपयोगी पडतो.

तसेच गुप्तदान. देणाऱ्याची भावना मोठी असते, पण देणाऱ्याचे नाव-पत्ता संस्थेच्या दप्तरी नसेल, तर कायद्याच्या नजरेत ती निनावी देणगी ठरते. धर्मादाय संस्थेला अशा देणग्या एक लाख रुपये किंवा एकूण देणग्यांच्या ५ टक्के, यांपैकी जी रक्कम जास्त असेल तिच्यापुढे गेल्या, की वरच्या रकमेवर ३० टक्के कर बसतो. देणगीदाराला समजावून सांगा: नाव दप्तरात राहील, फलकावर येणार नाही. त्यासाठी 'नाव जाहीर करू नये' हा होय-नाही रकाना ठेवा.

पॅन टंकताना एक तपासणी लगेच करता येते. पाच अक्षरे, चार अंक, एक अक्षर अशी त्याची रचना असते. चौथे अक्षर धारकाचा प्रकार सांगते: व्यक्तीसाठी पी, कंपनीसाठी सी, हिंदू अविभक्त कुटुंबासाठी एच, भागीदारी पेढीसाठी एफ, न्यासासाठी टी. व्यक्तीच्या पॅनमध्ये पाचवे अक्षर आडनावाचे पहिले अक्षर असते. धनादेश व्यक्तीचा आणि पॅनचे चौथे अक्षर सी असेल, तर कुठेतरी गल्लत झाली आहे. शीटमध्ये हा नियम एकदा घातला की निम्म्या चुका जागेवर पकडल्या जातात.

पायरी चौथी: फाइलचे नाव आणि फोल्डर

फाइलच्या नावात चार गोष्टी, याच क्रमाने: तारीख, देणगीदार क्रमांक, कागदाचा प्रकार, पावती क्रमांक. उदाहरणार्थ, २०२५-०७-१४_दे०४१७_पावती_१२०९. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी उलटी लिहिली की फाइली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. १४-०७ ने सुरुवात केली तर सगळ्या वर्षांच्या चौदा तारखा एकत्र येऊन बसतात. देणगीदाराचे नाव किंवा पॅन फाइलच्या नावात कधीही नको. नाव बदलते, आणि फाइलचे नाव तर नको त्या माणसालाही वाचता येते.

मराठीवर माझे प्रेम आहे, पण फाइलचे नाव प्रत्यक्षात रोमन अक्षरांत आणि साध्या अंकांतच ठेवा. वरचे उदाहरण मी वाचायला सोपे जावे म्हणून देवनागरीत दिले आहे. लिनक्स सर्व्हरवर फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइट खाते. काना, मात्रा, वेलांटी सगळे वेगळे मोजले जाते, म्हणजे ८५ चिन्हांत खेळ संपतो. झिप करून पाठवलेल्या फाइलींची मराठी नावे दुसऱ्या संगणकावर चौकटी-चौकटी होऊन उघडतात, तो ताप वेगळाच.

नोंदीच्या आत मात्र नावे मराठीत जरूर ठेवा. फक्त शेजारी पॅनवर आहे तसे रोमन नावही ठेवा. मराठी नावांच्या शोधात एक छुपा खड्डा आहे. 'कऱ्हाडकर' टंकताना एका कळफलकावर ऱ हे स्वतंत्र अक्षर म्हणून उमटते, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह मिळून तेच रूप दिसते. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला दोन वेगळे शब्द. एकाच देणगीदाराच्या दोन नोंदी अशाच तयार होतात. सगळ्यांनी एकच कळफलक वापरायचा, हा त्यावरचा साधा उपाय. जुना डेटा श्रीलिपी किंवा किरण यांसारख्या टंकांत असेल, तर तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. नाहीतर नव्या सॉफ्टवेअरमध्ये नावांच्या जागी निरर्थक अक्षरांची रांग येते. सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये थेट दोन टिचक्या मारून उघडू नका. आयात करताना यूटीएफ-८ ही युनिकोडची मांडणी निवडा, म्हणजे मराठी शाबूत राहते.

फोल्डर दोन प्रकारचे पुरतात. वर्षाकाठी येणारे कागद, म्हणजे पावत्या, १०बीई, बँकेचे पुरावे, हे आर्थिक वर्षाच्या फोल्डरमध्ये. वर्षानुवर्षे लागणारे कागद, म्हणजे करार, कायम निधीची पत्रे, मृत्युपत्रे, हे देणगीदार क्रमांकाच्या फोल्डरमध्ये. प्रत्येक देणगीदाराला स्वतंत्र फोल्डर करायचा मोह आवरा. बाराशे फोल्डर होतात आणि त्यांतल्या हजारांत एकच पावती असते. शिवाय वर्षवार ठेवले की मुदत संपल्यावर वर्षाचा फोल्डर एकगठ्ठा काढता येतो. फोल्डरच्या नावात कलमाचा क्रमांक घालू नका. '८०जी प्रमाणपत्रे' असे फोल्डर ज्यांनी केले, ते आता नव्या कायद्यातला क्रमांक शोधत आहेत. 'देणगी प्रमाणपत्रे' हे नाव कोणत्याही कायद्यात टिकते.

पायरी पाचवी: स्कॅनिंग

साध्या छापील कागदाला २०० डीपीआय पुरते. हस्ताक्षर, शिक्का किंवा पुसट कार्बन असेल तर ३०० डीपीआय आणि करडा रंग. जन्मभर ठेवायचे कागद पीडीएफ/ए या स्वरूपात साठवा, ते दीर्घकाळ जपण्यासाठीच बनवलेले आहे. टेसरॅक्ट हे मोफत ओसीआर साधन (स्कॅनमधली अक्षरे ओळखून मजकूर करणारे) मराठीही वाचते, पण छापील मजकूर. पावतीपुस्तकातले आपले अक्षर त्याला वाचता येईल अशी आशा नको. ते आपल्यालाही वाचता येत नाही.

रद्द झालेली पावती फाडू नका. मूळ पावती आणि स्थळप्रत दोन्हींवर 'रद्द' लिहून, कारण नोंदवून, स्कॅन करून त्याच क्रमांकावर ठेवा. पावती क्रमांकांच्या मालिकेत एक आकडा जरी गायब असला, तरी लेखापरीक्षक तिथेच बोट ठेवतात.

पायरी सहावी: वर्षाचे चक्र

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सरलेल्या वर्षाच्या देणग्या बँकेच्या उताऱ्याशी आणि किर्दीशी ताडून पाहा. डेटाबेसची बेरीज आणि हिशेबाची बेरीज जुळेपर्यंत पुढे जायचे नाही. फरक बहुधा तीन ठिकाणी निघतो: न वटलेले धनादेश, ३१ मार्चला दिलेले पण एप्रिलमध्ये जमा झालेले पैसे, आणि एका पावतीत दोघांचे पैसे.

१०बीडीत प्रत्येक देणगीदाराची ओळख (पॅन, आधार किंवा ते नसल्यास पासपोर्ट, मतदार ओळखपत्र यांसारखे), नाव, पत्ता, देणगीचा प्रकार, पैसे कसे आले आणि रक्कम हे भरावे लागते. प्रकार म्हणजे कायम निधी, विशिष्ट कामासाठी की इतर. कसे आले म्हणजे रोख, वस्तुरूप, धनादेश वा ऑनलाइन मार्गाने. हे सगळे रकाने डेटाबेसमध्ये पोर्टलच्या शब्दांतच ठेवा. मे महिन्यात 'सर्वसाधारण फंड' म्हणजे यातले नेमके काय, हे ठरवत बसायला लागत नाही. एका फॉर्ममध्ये २५,००० ओळी बसतात, आपल्याला ती मर्यादा क्वचितच अडेल. २,००० रुपयांवरची रोख देणगी आणि धान्य, पुस्तके, कपडे यांसारखी वस्तुरूप देणगी यांवर करसवलत मिळत नाही, हे पावतीवरच छापा. निम्मे फोन तिथेच थांबतात.

मुदत ३१ मे. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क, आणि न भरल्यास १०,००० ते एक लाखापर्यंत दंड. १०बीई प्रमाणपत्रेही ३१ मेपर्यंतच देणगीदारांना द्यायची असतात. विवरण भरल्यावर ती उतरवायला साधारण २४ तास जातात, म्हणून आमच्याकडे २० मे ही घरची शेवटची तारीख. पीडीएफ उतरवल्या की लगेच नाव बदला, भांडारात टाका आणि देणगीच्या नोंदीत तीन रकाने भरा: प्रमाणपत्र क्रमांक, पाठवल्याची तारीख, कोणत्या पत्त्यावर. जुलैतल्या काकांच्या प्रश्नाचे उत्तर या तीन रकान्यांत असते.

संस्थेचे स्वतःचे ८०जी मान्यतेचे आदेश वेगळ्या फोल्डरमध्ये, त्यांच्या मुदतीसह ठेवा. नियमित मान्यता आता पाच वर्षांची असते. पावतीवर छापलेला क्रमांक त्या दिवशी लागू असलेल्या आदेशाचाच हवा.

परदेशातून येणारा पैसा

अमेरिकेतला भाचा गावच्या शाळेला पैसे पाठवतो, तेव्हा पहिला प्रश्न चलनाचा नसतो. प्रश्न असतो भाच्याच्या पासपोर्टचा. भारतीय नागरिकाने, तो कुठेही राहत असला तरी, स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गाने पाठवलेले पैसे विदेशी योगदान धरत नाहीत. तो अमेरिकेचा नागरिक झाला असेल, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाचे) कार्ड असले तरीही, ते विदेशी योगदान ठरते. ते घ्यायला एफसीआरए (विदेशी योगदान नियमन कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या संसद मार्गावरील मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात.

म्हणून परदेशस्थ देणगीदाराच्या नोंदीत 'नागरिकत्व' आणि 'कधी तपासले' असे दोन रकाने हवेत. नागरिकत्व माणसाच्या नोंदीला चिकटवून विसरायचे नाही. दर देणगीला विचारायचे, कारण गेल्या वर्षीचा भारतीय यंदा अमेरिकन झालेला असू शकतो. विदेशी योगदानाचे हिशेब वेगळे ठेवणे बंधनकारक आहे. मी त्याचे कागदही वेगळ्या ड्राइव्हमध्ये ठेवतो. एफसी-४ हे विवरण ३१ डिसेंबरपर्यंत भरायचे असते, तेव्हा चाळण लावावी लागत नाही.

पायरी सातवी: कोणाला काय दिसेल

एका संस्थेत मी मदतीला गेलो होतो. सात वर्षांच्या पावत्या एका हुशार स्वयंसेविकेने स्वतःच्या जीमेलच्या ड्राइव्हवर नीट लावल्या होत्या. लग्नानंतर ती परगावी गेली, पुढे ते खातेही बंद पडले. पावत्या चोरीला गेल्या नव्हत्या. फक्त त्या संस्थेच्या कधी नव्हत्याच. संस्थेच्या खात्यातला 'शेअर्ड ड्राइव्ह' यासाठीच असतो. तिथल्या फाइलींची मालकी संस्थेची, माणूस गेला तरी फाइल राहते.

हक्क तीन थरांत वाटा. नोंद करणाऱ्याला टाकता येईल, पुसता येणार नाही. विश्वस्तांना बघता येईल. पुसायचा हक्क दोघांनाच. 'लिंक ज्याच्याकडे आहे त्याला दिसेल' हा पर्याय देणगीदारांच्या कागदांसाठी कधीच नको. ईआरपीनेक्स्टसारख्या, फ्रॅपे या सॉफ्टवेअरच्या चौकटीवर चालणाऱ्या प्रणालीत फाइल चढवताना 'खासगी' ही खूण असते. ती नसेल तर पत्ता माहीत असलेल्या कोणालाही फाइल उघडता येते. जुन्या फाइली एकदा या नजरेने तपासाच.

आता आधार. शक्यतो प्रत घेऊच नका, पॅन भागवते. एखाद्याकडे पॅन नसेल आणि आधार क्रमांक विवरणात द्यावा लागला, तर तो क्रमांक कुलूपबंद रकान्यात ठेवा. प्रत मागितलीच तर पहिले आठ आकडे झाकलेले मास्क्ड आधार मागा. आमच्या जुन्या झेरॉक्स मी दोन विश्वस्तांसमोर यंत्रात बारीक करवल्या.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ चे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. हा कायदा डिजिटल माहितीचा आहे, म्हणजे कपाटातला कागद स्कॅन केलात की तो या कायद्याच्या कक्षेत आला. माहिती का घेतो, हे देणगीदाराला सांगणारी सूचना आठव्या परिशिष्टातल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय त्याला द्यावा लागतो. तर मग ती मराठीत आत्ताच लिहून पावतीच्या मागे छापून टाका, चार ओळी पुरतात.

पायरी आठवी: बॅकअप, आणि तो उघडून पाहणे

तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. जुलै २०२१ मध्ये चिपळुणात पाणी शिरले, तेव्हा तळमजल्यावरचे कपाट आणि शेजारचा संगणक एकाच वेळी पाण्याखाली जातात हे अनेकांना कळले. आमची तिसरी प्रत एका विश्वस्तांच्या पुण्यातल्या घरी, पासवर्ड लावलेल्या डिस्कवर असते.

इथे एक चूक फार होते: डेटाबेसचा बॅकअप म्हणजे कागदांचा बॅकअप असे धरून चालणे. सिव्हीसीआरएम या देणगीदारांच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवलेल्या फाइली सर्व्हरवरच्या वेगळ्या फोल्डरमध्ये असतात, नुसता डेटाबेस उतरवला तर त्या येत नाहीत. फ्रॅपेमध्ये 'फाइलींसह' असा वेगळा पर्याय द्यावा लागतो. सेल्सफोर्सच्या नियतकालिक निर्यातीतही फाइलींची खूण वेगळी करावी लागते. तिथली कचरापेटी १५ दिवसांची, त्यानंतर पुसलेले परत मिळेल या भरवशावर राहू नका.

तिमाहीत एकदा बॅकअपमधून कोणत्याही पाच फाइली उघडून पाहा. उघडला नाही तो बॅकअप नव्हे.

पायरी नववी: कधी फाडायचे

आयकर नियम १७एएनुसार हिशेबाची पुस्तके आणि देणगीदारांच्या नावा-पत्त्यांच्या नोंदी संबंधित करनिर्धारण वर्ष संपल्यापासून दहा वर्षे ठेवायच्या. २०२४-२५ मध्ये मिळालेल्या देणगीचे करनिर्धारण वर्ष २०२५-२६, ते संपले ३१ मार्च २०२६ ला, म्हणून कागद ३१ मार्च २०३६ पर्यंत. या नोंदी डिजिटल स्वरूपात ठेवायची मुभा याच नियमात आहे. वर्षाच्या प्रत्येक फोल्डरमध्ये 'अमुक तारखेपर्यंत ठेवणे' असे लिहिलेली एक फाइल आत्ताच टाकून ठेवा. दहा वर्षांनी तिथे बसणाऱ्या माणसाला हा हिशेब करावा लागू नये.

काही कागदांना मुदत नाही: कायम निधीत जमा करण्याची देणगीदाराची लेखी सूचना, मृत्युपत्र, बक्षीसपत्र, एखाद्या खोलीला नाव देण्याचा करार. तीस वर्षांनी नातू येऊन विचारतो, "आजोबांच्या नावाची पाटी का काढली?" तेव्हा हेच पत्र कामी येते. चौकशी किंवा न्यायालयीन वाद चालू असेल तर त्या वर्षाचे काहीच काढायचे नाही, मुदत संपली असली तरी.

काढायचे ठरले की विश्वस्तांच्या सभेत ठराव करा. त्यात कोणत्या वर्षाचे, कोणत्या प्रकारचे आणि किती कागद हे लिहा. मग कागद बारीक करा. रद्दीवाल्याकडे पॅन आणि सह्या असलेला गठ्ठा देऊ नका. संगणकातले पुसताना बॅकअपमधल्या प्रतीही पुसा, हे हमखास राहून जाते.

जुन्या साठ्याचे काय?

पंधरा वर्षांच्या पावत्या एकदम स्कॅन करायला घेतल्या की दुसऱ्या आठवड्यात काम बंद पडते, हे मी दोनदा करून पाहिले. चालू वर्षापासून सुरुवात करा. ते बसले की मागचे एक वर्ष, मग त्यामागचे. पाच-सहा वर्षांपलीकडचे पावतीपुस्तक गठ्ठा बांधून, वर 'पावती क्रमांक इथपासून इथपर्यंत' अशी चिठ्ठी लावून कोरड्या जागी ठेवले तरी पुरते. मागणी आली तरच तेवढी एक पावती स्कॅन करायची.

आणि दर जूनमध्ये आम्ही एक खेळ खेळतो. देणगीदारांच्या यादीतून डोळे मिटून एक नाव काढायचे आणि संस्थेत सगळ्यात नवीन असलेल्या माणसाला त्याचे गेल्या वर्षीचे १०बीई शोधायला सांगायचे. मी शेजारी बसतो, पण बोलायचे नाही. यंदा चार मिनिटे लागली. त्यातली तीन पासवर्ड आठवण्यात गेली.